सातचा झेंडा

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराच्या, मागच्या भिंतीत स्क्रू मारायचा नसतो. हे मी वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक माझ्याकडे कामचुकाराकडे बघावं तसं बघतं. बाहेरून ती भिंत भक्कम दिसते, पण असतो काय, तर वहीच्या पुठ्ठ्याएवढा पत्रा, आत फोम आणि त्याच्या पलीकडे पातळ प्लायवूड. झेंड्याची सहा मीटरची काठी त्याला टांगली की पहिल्या वाऱ्यात भोक मोठं होतं, दुसऱ्या वाऱ्यात पाणी शिरतं आणि तिसऱ्या वाऱ्यात काठी पत्र्यासकट खाली. नाकापेक्षा मोती जड. काठीचा भार खाली द्यायचा, ट्रेलर ओढायचा हुक असतो त्या लोखंडावर. वर, छपरावर चढायच्या मागच्या शिडीला फक्त एक क्लॅम्प, रबर लावून, काठी डुलू नये एवढ्यापुरता.

बावीस वर्षं मी हेच करत आलोय. मोटरहोमना शिड्या, सायकलींचे स्टँड, बाजूला उघडणाऱ्या छत्र्या जोडायच्या. झेंड्याच्या काठ्या मोजक्याच बसवल्या, आणि त्यातली सगळ्यात चोख बसवलेली माझ्या बाबांच्या गाडीची होती. ती मी इतकी चोख बसवली नसती तर बरं झालं असतं.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. उभं आयुष्य दोर, कप्पी आणि मोटर यांच्यात गेलं. निवृत्त झाल्यावर आई आणि त्यांनी मिळून एक जुनी मोटरहोम घेतली, जग बघायचं म्हणून. आईने खिडक्यांना पडदे शिवले, डबे भरून ठेवले, आणि निघायच्या आठ दिवस आधी अंथरुणाला खिळली. तीन महिन्यांत गेली. त्यानंतर एके सकाळी बाबा गाडी काढून निघाले, तेव्हा मला आणि ताईला वाटलं, चला, निदान एकटे तरी फिरतील. गेले कुठे, तर तलावाच्या पलीकडच्या काठावर. तिथे असल्या गाड्या उभ्या करायचं मैदान आहे. तिथून पुढे कुठे, असं विचारलं की म्हणायचे, "बघू." बघू बघू म्हणता दोन वर्षं तिथेच राहिले.

आमचं घर अलीकडच्या काठावर, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडचा काठ दिसतो. पाण्यावरून सरळ रेष मारली तर किलोमीटरभर, रस्त्याने वळसा घालून गेलं तर अकरा. काठावर लव्हाळ्यांचं रान माजलेलं, त्यामुळे बाबांच्या गाडीचं नुसतं पांढरं छप्पर दिसायचं. माणूस दिसणं शक्यच नव्हतं.

फोनचा उपयोग नव्हता. बाबांना ऐकू फार कमी यायचं. फोन घेतला तरी ते आपलं सांगायचं ते सांगायचे, "मी बरा आहे, जेवलोय, ठेवतो," आणि ठेवून द्यायचे. एकदा तर मी फोन केला होता बायकोला ताप आलाय हे सांगायला, आणि ते म्हणाले, "छान, छान, असंच पाहिजे." बायको त्यावर दोन दिवस हसत होती. पुढे त्यांनी फोन खणात टाकला, तो कायमचा.

झेंड्याची कल्पना बायकोचीच. "रोज उठले की काहीतरी उंच चढवू देत," ती म्हणाली, "आपल्याला खिडकीतून दिसेल असं. म्हणजे कळेल उठलेत."

काठी बसवली तो रविवार अजून आठवतो. बाबा सकाळपासून माझ्या मागे मागे.

"घराला भोक पाडायचं नाही," ते म्हणाले.

"नाही पाडत."

"शिडीलाही नाही."

"शिडीलाही नाही."

"मग काय, तू धरून उभा राहणार आहेस?"

मी हुकात बसणारा चौकोनी पाइप दाखवला, त्याच्यावर वेल्ड केलेली नळी दाखवली. त्यांनी वेल्डवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. म्हणजे पसंत होतं. वरच्या टोकाला मी प्लास्टिकची कप्पी लावणार होतो. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, गवतात टाकली आणि आपल्या पेटीतून पितळेची कप्पी काढली. बेअरिंगवाली, तेल घातलेली, कुठल्या तरी जुन्या लिफ्टची. दोर ओढला तर आवाज नाही. झेंडा म्हणजे आमच्याकडच्या छत्रीच्या पिवळ्या कापडाचा तुकडा, बायकोने चारी बाजूंनी दुमडून शिवलेला. ठरलं असं, की सकाळी सातला झेंडा वर, संध्याकाळी सहाला खाली. सकाळी आठपर्यंत वर दिसला नाही तर मी गाडी काढून निघायचं.

ताई दुसऱ्या शहरात शाळेत शिकवते. रोज आठला, वर्गावर जायच्या आधी, तिचा फोन यायचा. "झेंडा?" एवढंच विचारायची. मी खिडकीत उभा राहून सांगायचो, "वर आहे." कधी कधी आमचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच. पण तेवढ्याने आम्हा दोघांचाही दिवस सुरळीत जायचा.

पहिलं वर्ष झेंडा घड्याळासारखा चढला. दुसऱ्या वर्षी उशीर व्हायला लागला. आधी सव्वासात, मग साडेसात, मग पावणेआठ. एकदा आठ वाजून गेले, झेंडा नाही. मी कामावर न जाता अकरा किलोमीटर गाडी हाणली. वाटेत नको नको ते मनात येत होतं. पोचलो तर बाबा काठीखाली उभे, दोर हातात, झेंडा अर्ध्यावर.

"येतोच आहे वर," मला म्हणाले. "खांदा धरलाय जरा."

असं त्या महिन्यात चार वेळा झालं. चारही वेळा मी धावत गेलो, चारही वेळा ते ठीक होते, आणि चारही वेळा वर्कशॉपच्या मालकांनी उशिरा आल्याबद्दल टोमणा मारला. चौथ्यांदा घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "रोज मरे त्याला कोण रडे."

ती पोळपाट पुसत होती, ती थांबली. "हे पुन्हा बोलू नकोस," म्हणाली.

मी पुन्हा बोललो नाही. पण मनात होतंच. खरं सांगायचं तर मला बाबांच्या खांद्याची काळजी कमी आणि माझ्या सकाळींची जास्त होती. आता कळतं, की तो उशीर हीच बातमी होती. झेंडा अर्ध्यावर अडकला म्हणजे खांदा दुखतोय, सव्वासातला आला म्हणजे रात्री झोप लागलेली नाही. आणि त्या उशिरामुळेच मी महिन्यातून चार वेळा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहत होतो. त्यांच्या हातचा चहा पीत होतो. चिडून का होईना, पीत होतो. तेव्हा मला एवढंच दिसलं, की यंत्र नीट चालत नाही आणि ते दुरुस्त करायला हवं. हातात हातोडा असलेल्या माणसाला खिळ्याशिवाय दुसरं काय दिसणार.

आमच्याकडे छत्रीचं कापड गुंडाळायची छोटी मोटर असते. ती मी काठीच्या बुडाशी बसवली, छपरावरच्या सोलर पॅनेलची बॅटरी जोडली, आणि एक टायमर लावला. सकाळी सातला वर, सहाला खाली. बाबांनी नुसतं बघायचं.

त्यांनी मोटर हातात घेऊन फिरवून पाहिली. "मोटर चांगली आहे," म्हणाले. "पण मग मी काय करू?"

"तुम्ही आराम करा."

"झेंडा मी चढवायचा असं ठरलं होतं ना?"

"तुम्हीच चढवलात असं समजायचं, बाबा."

त्यांनी मोटर खाली ठेवली. मग म्हणाले, "लिफ्टच्या दारावरचा दिवा लागला म्हणजे लिफ्ट आली, असं मी कधी धरलं नाही. दार उघडायचं, आत बघायचं, मग पाय टाकायचा. माझ्या हाताखालचा एक जण दिव्यावर विसंबला होता."

"बाबा, ही लिफ्ट नाहीये."

त्यांच्याशी बोलताना आवाज चढवावाच लागायचा, त्यामुळे मी चिडलोय की नुसता बोलतोय हे कधी कधी माझं मलाच कळायचं नाही. त्या दिवशी मी चिडलो होतो. ते त्यांना ऐकू आलं नसेल, पण दिसलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मला मदत करायला लागले. झेंडा वरच्या टोकाला आपटू नये म्हणून मोटर कुठे थांबवायची, ते मी चुकीचं लावलं होतं, ते त्यांनी नीट करून दिलं. तीन वेळा चालवून पाहिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काम चोख आहे."

पन्नाशीला आलेला माणूस मी, पण तेवढ्या तीन शब्दांनी घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. बाबांच्या तोंडून हे ऐकायला मी बावीस वर्षं थांबलो होतो.

त्यानंतर झेंडा सातच्या ठोक्याला चढायला लागला. ताईला मी मोटरचं सांगितलं नाही. तिने शंभर प्रश्न विचारले असते, आणि त्यातल्या एखाद्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. ती विचारायची, "झेंडा?" आणि मी सांगायचो, "वर आहे. आता उशीर होत नाही." "खांदा बरा झाला वाटतं," ती म्हणाली. मी "हं" म्हणालो. दर रविवारी जायचो ते एक रविवार सोडून जायला लागलो. मग कधी दोन सोडून. झेंडा तर दिसत होता.

असे पाच महिने गेले. मग तो रविवार आला. सकाळचे साडेसात, मी खिडकीत चहा घेऊन उभा, समोर पिवळा झेंडा वाऱ्यावर छान फडफडत होता. फोन वाजला. ताईची वेळ नव्हती. मैदानाचे वॉचमन काका होते.

"लगेच या," ते म्हणाले. "बाबा गेले."

मी काय बोलावं? "झेंडा वर आहे," मी म्हणालो. खरंच म्हणालो. काका पलीकडून म्हणाले, "तुम्ही या."

काका चार दिवस लेकीकडे गेले होते, शनिवारी रात्री परतले. त्यांच्या जागी बसवलेला माणूस फाटकाच्या केबिनमधून हलला नव्हता, आणि थंडीमुळे मैदानात दुसऱ्या दोनच गाड्या होत्या, त्याही टोकाला. रविवारी सकाळी काका नेहमीच्या फेरीला निघाले, त्यांनी झेंडा चढताना पाहिला, आणि सरळ जाऊन बाबांच्या गाडीचं दार वाजवलं. मग बाबांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने उघडलं.

"झेंडा चढला तरी तुम्हाला शंका कशी आली?" मी त्यांना विचारलं.

"खाली कोणी नव्हतं ना," ते म्हणाले. "बाबा रोज सातला स्वेटर घालून बाहेर यायचे. काठीखाली उभे राहायचे, झेंडा पूर्ण वर जाईपर्यंत. मग तुमच्या घराच्या दिशेला हात करायचे आणि आत जायचे. मी एकदा म्हटलं, अहो, तो आपला आपण चढतो, तुम्ही कशाला थंडीत उभे राहता? तर म्हणाले, मुलाला वाटतं मी उठलोय, मग उठायला नको का."

पाच महिने ते रोज उठून, कपडे करून, त्या यंत्राचा शब्द खरा करत होते. लव्हाळ्यांच्या अलीकडून मला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी पलंगाजवळ पडले असावेत. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी विचारलं, त्यानंतर किती वेळ जिवंत होते? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहून म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारपर्यंत तरी असावेत."

शुक्रवारी आठला ताईने विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं, वर आहे. झेंडा नसता तर साडेआठला मी तिथे असतो. हा हिशेब करायला डॉक्टर लागत नाही. मी तो तिथल्या तिथे केला, आणि त्या दिवसापासून रोज करतो.

सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि ताई गाडी आवरायला गेलो. मोटर मी आदल्या दिवशीच बंद केली होती. तिने आईचे पडदे उतरवले, घड्या केल्या. मी भांडी खोक्यात भरत होतो, तिच्याकडे न बघता. मग तिचा आवाज आला.

"अरे, एक सांग. पलंग इथे. दार हे, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ. पडलेला माणूस दाराकडेच जाईल ना?"

मी एक पातेलं कागदात गुंडाळलं.

"काका म्हणाले, बाबा त्या टोकाला सापडले. मागच्या खिडकीखाली. म्हणजे मोडक्या पायाने अख्खी गाडी सरपटत गेले. तिकडे कशाला गेले असतील?"

एक गोष्ट मी मघाशी सांगायची टाळली, ती आता सांगतो. मोटर बसवली तेव्हा बाबांनी हट्ट धरून एक बटण लावून घेतलं होतं. आतून मोटर बंद करायचं बटण. ते मी मागच्या खिडकीशेजारी बसवलं, चांगलं छातीच्या उंचीवर, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागू नये. जमिनीवर पडलेल्या माणसाला, त्यातून खांदा धरलेल्या, ते आभाळाइतकं उंच. बटणाखालच्या भिंतीवर बोटांचे ओरखडे होते. त्या खिडकीतून काठी आणि दोर दिसतो. मोटरचा आवाज त्यांना ऐकू येणार नव्हता, पण शुक्रवारी सात वाजता दोर हललेला त्यांनी पाहिला असणार.

ताईला मी काहीही सांगू शकलो असतो. भ्रम झाला असेल, अंधारात दिशा कळली नसेल, तहान लागली असेल. तिने विश्वास ठेवला असता. ताईने माझ्यावर नेहमीच विश्वास ठेवला, म्हणून तर रोज फोन मला करायची.

"झेंडा थांबवायला गेले," मी म्हणालो.

"थांबवायला म्हणजे?"

मग मी तिला सांगितलं. खांदा, चार उशीर, मालकांचे टोमणे, मोटर, टायमर, बटण. काही गाळलं नाही. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती, मांडीवर पडद्यांची चवड. मी वाट बघत होतो, की ती ओरडेल, शिव्या देईल. मला ते हवं होतं. लहानपणी एवढ्या तेवढ्यावरून माझा कान पिरगाळणारी ताई, पण त्या दिवशी तिचा हात उचलला गेला नाही.

"शुक्रवारी मी फोन केला तेव्हा तू खिडकीत होतास?"

"होतो."

"बघून सांगितलंस?"

"बघून सांगितलं."

ती उठली, मागच्या खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ तलावाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, मला लागावं म्हणून नाही आणि मला बरं वाटावं म्हणूनही नाही, नुसतं सुचलं तसं, "दाराबाहेर कोणी असेल की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं रे. तू खिडकीत असशील हे माहीत होतं."

मला तिला सांगायचं होतं की मी खरंच होतो, सातपासून होतो, चहा थंड होईपर्यंत तिकडेच बघत होतो. पण ते तिने विचारलं नव्हतं. मी पुढचं भांडं उचललं आणि खोक्यात ठेवलं.